बुधवारची फसकी

आमच्या घरात भाजी कोणती होणार हे कोणाच्या आवडीवर ठरत नसे. बुधवारच्या बाजारात काय खपलं नाही, त्यावर ठरे. वांगी उरली की शनिवारपर्यंत वांगी. मुळे उरले की मुळे, आणि पाल्याची भाजी वेगळी. एकदा उंदरांचे पिंजरे विकणारा एक माणूस वाट चुकून त्या बाजारात येऊन बसला. दिवसभरात त्याचा एकही पिंजरा गेला नाही. दिवेलागणीला आबांनी सगळे पिंजरे विकत घेतले आणि घरी आणून ओट्यावर रचले. घरात उंदीर होता एकच. एवढा सरंजाम बघून तो शेजारी राहायला गेला असावा, कारण नंतर शेजारीण तक्रार करायला लागली.

मी 'आमच्या घरात' म्हणते खरं, पण घर आबांचं होतं आणि मी त्यांची भाडेकरीण. उपकेंद्रात नर्स म्हणून त्या गावी माझी बदली झाली. यावलहून चोपड्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना केळीच केळी. मध्येच एक फाटा येतो. तिथे उतरून सातपुड्याकडे तोंड करून चालत सुटायचं, आणि आता पुढे काहीच नसणार असं वाटायला लागलं की ते गाव येतं. दोन गल्ल्या, एक मारुती, चौथीपर्यंतची शाळा आणि मधोमध हे एवढं मोठं मोकळं मैदान. मी धुळ्याची, देवपूरची. देवपूर म्हणजे काही स्वर्ग नव्हे. पण तिथे मीठ संपलं तर लोक बुधवारची वाट बघत नाहीत.

खोली बघायला गेले तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, खांद्यावर केळीवाल्या बागाईतदारांचा असतो तसा मोठा पांढरा रुमाल. मी विचारलं, "आबा, या खेड्यात किराणा दुकान कुठे आहे?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या तोंडावर शिवी दिली होती.

"बाई, पह्यले एक समजी ल्या. हाई खेडं नई शे. हाऊ कसबा शे."

"बरं. मग कसब्यात दुकान कुठे आहे?"

"दुकान नई शे. जठे बजार भरस तो कसबा. जठे दुकान ऱ्हास ते खेडं."

आबांचं सगळं शहाणपण या दोन वाक्यांत संपत होतं. पुढच्या तीन वर्षांत मी त्यांच्याकडून तिसरं काही ऐकलं नाही. जे ऐकलं ते याच दोन वाक्यांचं दळण.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे, बऱ्हाणपूरच्या वाटेवरचा हा मोठा कसबा. बैलांचे तांडे मुक्कामाला उतरायचे, बारा गल्ल्या होत्या, बुधवारी मैदानात पाय ठेवायला जागा नसायची आणि मीठमिरचीपासून घोड्यापर्यंत सगळं मिळायचं. बाकीच्या दहा गल्ल्या कुठे गेल्या, असं मी एकदा विचारलं. "खेड्याना लोके घरं पाडीसन दगडं लई गयात," म्हणाले. पुरावा म्हणून मैदानाच्या मधोमध एक दगड दाखवत. तो म्हणे मापाचा दगड, बाजाराचा देव. मला त्याला बांधलेल्या शेळ्या दिसत. पुढे पलीकडच्या मोठ्या गावातून डांबरी रस्ता गेला, त्यामागून बाजारही तिकडे गेला आणि शुक्रवारी भरायला लागला. इथे राहिलं ते मैदान आणि आबा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ आबांच्या आजोबांच्या वेळीच जळून गेला होता आणि पीळ नातवापर्यंत आला होता.

बाजार मात्र आबांनी मोडू दिला नाही. म्हणजे दोन माणसं यायची. एक यावलचा लसूण-कांदेवाला, छोटा टेम्पो घेऊन. त्याच्याकडे मीठ, मिरची आणि जमेल ती भाजीही असे. दुसरी वरच्या पाड्यावरची एक म्हातारी, जिला सगळे मावशी म्हणत. ती टोपल्यात डिंक, चारोळी, कधी रानभाजी घेऊन डोंगर उतरून यायची. एवढ्या मोठ्या मैदानात हे दोघं दोन टोकांना बसत, कारण आबांनी प्रत्येकाची 'रांग' ठरवून दिली होती. भाजीची रांग वेगळी, रानमालाची वेगळी. दोघांना एकमेकांशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागे.

दहाच्या सुमाराला आबा रुमाल झटकून निघत. आधी भाजीच्या रांगेत जात, म्हणजे लसूणवाल्यासमोर. काही न बोलता त्याच्या ढिगात हात घालून एक मूठ लसूण उचलत, रुमालाच्या टोकाला बांधत, गाठ घट्ट आवळत आणि मान हलवत. मग मैदान ओलांडून मावशीकडे. तिच्या टोपल्यातून मूठभर चारोळी, दुसरी गाठ. ही फसकी. बाजारात बसणाऱ्याने गावच्या पाटलाला मूठभर माल द्यायचा, हा जुना मान. आबांची पाटिलकी कधीच गेली होती. मूठ तेवढी राहिली होती. आबांनी फसकी घेतली की तो माणूस बाजाराचा झाला, मग त्याला कोणी हात लावायचा नाही. "बजारमा बठेल मानूसले कोनी उठाडानं नई," हाही त्यांच्या आजोबांचाच कायदा.

आणि सकाळी असा राजासारखा मूठभर लसूण उकळणारा हा माणूस संध्याकाळी त्याच लसूणवाल्यासमोर उभा राहून विचारी, "उरेल माल कितला शे? मी लई लेसू." मग जे काही उरलं असेल ते रोख पैसे मोजून घेई. का, तर पुढच्या बुधवारी ते परत यावेत. लसूणवाला याच भरवशावर येत होता. त्याने मला एकदा हसत सांगितलं, "सिस्टर, एवढी बेफिकीर विक्री मना सासरवाडीत बी व्हत नई."

गावाला हे सगळं माहीत होतं. गाव शुक्रवारी मोठ्या बाजाराला जाऊन पिशव्या भरून आणायचं, आणि बुधवारी आबा दिसले की मैदानात उगीच एक चक्कर मारून यायचं. त्या गावाइतकं दुटप्पी गाव मी पाहिलं नाही. समोर 'आबा, आपला कसबा', पाठ फिरली की 'म्हाताराले येड लागेल शे'. पण तोंडावर एकानेही कधी सांगितलं नाही. आबांच्या केळीत निम्म्या गावाला मजुरी होती, हे त्याचं खरं कारण.

गावाचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर फाट्यावरची एसटीची शेड बघावी. शेड मंजूर झाली तेव्हा बांधणाऱ्याने विचारलं, तोंड कोणीकडे करायचं? आबा म्हणाले, उतरणाऱ्या माणसाला आधी कसबा दिसला पाहिजे. झालं. शेडचं तोंड गावाकडे आणि पाठ रस्त्याकडे. आत बसलेल्याला गाडी दिसत नाही आणि ड्रायव्हरला आत बसलेला दिसत नाही. दोन-चार वेळा गाड्या निघून गेल्यावर लोक शहाणे झाले. आता ते भर उन्हात रस्त्यावर उभे राहतात आणि शेडमध्ये शेळ्या बसतात. मी एका तरुण पोराला विचारलं, चांगला शिकलेला होता, तुम्ही कोणी बोलला नाहीत का? तर म्हणतो, "सिस्टर, तिकडथीन हवा चांगली येस." मला त्याला सुई टोचावीशी वाटली.

एका बुधवारी गावातला एक म्हातारा वारला. स्मशानाची वाट मैदानातून जाते. आबा आडवे उभे राहिले. भरल्या बाजारातून प्रेत नेलं तर बाजार मोडतो, हा आणखी एक कायदा. मग तिरडी मागच्या बाजूने, बाभळींतून न्यायची ठरली. माणसं अनवाणी होती. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात खांदेकऱ्यांची रांग लागली आणि मी दुपारपर्यंत काटे काढत बसले. गंमत अशी की ज्या बाजारासाठी हे केलं, त्या बाजारातले लसूणवाला आणि मावशी दोघंही त्या प्रेतामागून चालत होते. मैदानात कुत्रंसुद्धा नव्हतं. आबा एकटे बाजार राखत उभे होते.

केळीचंही तेच. केळी कापायचा दिवस व्यापारी ठरवतो. गाडी आली की त्याच दिवशी माल कापून भरायचा असतो, केळी कोणासाठी थांबत नाहीत. एकदा गाडी आली बुधवारी. बाजाराच्या दिवशी शेतात कोयता चालायचा नाही, असं आबांनी ऐकवलं. व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला आणि गाडी शेजारच्या मळ्यात नेली. आबांचे घड झाडावरच पिकले. वटवाघळांचा उत्सव झाला. आम्ही केळी खाल्ली, केळीची भजी खाल्ली, केळीचं शिकरण खाल्लं, आणि आबा ओट्यावर बसून 'बजारना मान राख्या' म्हणून मिशीला पीळ देत राहिले.

मीही त्यांच्या तावडीतून सुटले नाही. लसीकरणाला बुधवार बरा पडायचा, कारण बाया घरी असत. मी मैदानात लिंबाखाली टेबल मांडलं. आबा आले, टेबलासमोर उभे राहिले आणि हात पुढे केला. मला आधी कळेना. मग कळलं, आणि संतापाने माझे कान तापले. पण समोर पंधरा-वीस पोरं रडत होती, वाद घालायला वेळ नव्हता. मी जुलाबावरच्या पावडरची एक पुडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती रुमालात बांधली आणि मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून सांगत सुटले, "आमना बजारमा दवाखाना बी भरस."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. मीही नेलं असतं. पण घरात मनीषा होती.

मनीषा आबांची सून. नवरा सुरतला गेला आणि तिथे त्याने दुसरा संसार मांडला. हे आबांना माहीत होतं, गावाला माहीत होतं, आणि तोंडातून कोणी काढत नव्हतं. आबांनी सुनेला घरात ठेवून घेतलं म्हणून गाव त्यांचं कौतुक करायचं. न हाकलण्याचंही कौतुक होतं, हे मला तिथे कळलं. ती पहाटेपासून राबायची, उरलेली वांगी नाना तऱ्हांनी शिजवायची, उरलेला लसूण सोलायची, उरलेल्या मिरच्या वाळवायची. सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायची आणि त्यांच्याशी थेट बोलायची नाही. तिथली रीतच तशी. आबाही तिच्याशी बोलायचे नाहीत. मी आल्यापासून त्यांचं काम सोपं झालं. ती चार हातांच्या अंतरावर उभी असताना मला सांगायचे, "बाई, सांगा तिले, भाकर जाड व्हस." मी सांगायची नाही. तिने ऐकलेलंच असायचं.

एकदा शुक्रवारी मीठ संपलं. मनीषाने मला सांगितलं, मी आबांना सांगितलं. "बुधवारले लई देसू," ते म्हणाले. शेजारून आणते म्हटलं, तर कसब्यात मीठ उसनं मागत नाहीत. पाच दिवस आम्ही अळणी जेवलो. आबाही जेवले, हे मान्य करते. पण त्यांची ती हौस होती. मनीषाची नव्हती.

त्या आठवड्यात ती माझ्या खोलीत येऊन बसली. फारशी बोलणारी नव्हती, त्या दिवशी बोलली.

"सिस्टर, मना हातमा एक रुपया नई. मीठ बी मांगीसन लेनं पडस. पोरगी मोठा गावनी शाळामा दहावीले शे. तिले पुढे यावलले धाडनी शे. पास लागी, पुस्तकं लागतीन, कपडा लागतीन. आबाले सांगं तर म्हनतीन, बुधवारले दखसू."

खरंच होतं. मुलीचं शिक्षण काही लसूण-कांद्याच्या टेम्पोतून येणार नव्हतं.

मी आठवड्यातून एकदा लसी आणायला मोठ्या दवाखान्यात जायची. लसींच्या डब्याबरोबर आधीचा एक रिकामा, धुतलेला निळा डबाही हातात असायचाच. त्यातून मी तिच्यासाठी सामान आणायला लागले. मीठ, साखर, चहा, साबण, मुलीला लागणारे पॅड. मग शेजारणीला वास लागला. तीही मागायला लागली. मग तिची जाऊ. मनीषाने बचत गटातून थोडे पैसे उचलले आणि मागच्या दाराशी एका पत्र्याच्या पेटीत तिचं दुकान सुरू झालं. दिवेलागणीला बाया मागच्या बोळातून यायच्या, पदराखाली साखर घेऊन जायच्या. मनीषाच्या चेहऱ्यावर रंग आला. मुलीचा फॉर्म भरायचा तर किती लागतील, असं ती मला विचारायला लागली.

भांडं फोडलं एका चिमुरडीने. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की मागून जायचं. ती पुढच्या ओट्यावर आली आणि आबांच्या देखत ओरडली, "काकू, शाम्पूनी पुडी द्या!"

आबा आत आले. पेटी बघितली. काही फेकलं नाही. पेटी उचलून आपल्या खोलीत नेली आणि कुलूप लावलं. मग बाहेर येऊन मला म्हणाले, "घरनं खेडं करी टाकं."

मी भांडले. त्या घरात आबांशी कोणी भांडलं नव्हतं, मी भांडले. म्हटलं, तिला पुढच्या ओट्यावर नीट दुकान टाकू द्या, तुमच्या नातीचं शिक्षण आहे. आबा शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "बाई, तुम्ही देवपूरन्या. तुमले कसबा काय समजी?" आणि तंबाखू मळायला लागले. आयुष्यात माणसाचा इतका राग मला क्वचित आला आहे. माझा हात शिवशिवत होता, खोटं कशाला बोलू?

मनीषा रडली नाही. तिने दोन दिवस वांगी शिजवली. बुधवारी सकाळी एक पोतं घेतलं, मैदानात गेली, आणि लसूणवाला व मावशी यांच्या बरोबर मध्ये, मापाच्या दगडाशेजारी ते अंथरून बसली. शेळ्या तिनेच सोडून दिल्या. समोर साखर, मीठ, चहाच्या पुड्या, साबण, पेन्सिली. हा माल मीच आदल्या दिवशी आणला होता. शेजारी तिने पैसे घ्यायचा स्कॅनरही काठीला बांधून उभा केला.

गाव गोळा झालं. आबा रुमाल झटकून निघाले, आणि तिला बघून जागच्या जागी थबकले. मला वाटलं, आता उठवतात. पण उठवणार कसे? बाजारात बसलेल्या माणसाला उठवायचं नाही, हा त्यांचाच कायदा. तो मोडला तर बाजार मोडला. मनीषाने पदर नीट केला आणि खाली बघत बसली. आबा लसूणवाल्याकडे गेले, फसकी घेतली. तिच्यासमोरून गेले. मावशीकडे गेले, फसकी घेतली. परत तिच्यासमोरून आले आणि घरी गेले.

म्हणजे उठवलं नाही, पण बाजारात धरलंही नाही. आणि गाव? हेच गाव, पदराखाली साखर नेणारं! एकीनेही पुढे येऊन पेन्सिलसुद्धा घेतली नाही. मी शेजारणीला विचारलं, तर तोंड वाकडं करून म्हणाली, "आबानी फसकी लिधी नई. मंग आम्ही कसं लेवानं?"

असे कित्येक बुधवार गेले. ती सकाळी पोतं अंथरायची, संध्याकाळी जसंच्या तसं गोळा करायची आणि घरी येऊन आबांच्या भाकरी थापायची. संध्याकाळी आबा लसूणवाल्याला विचारत, "उरेल माल कितला शे?" मावशीला विचारत. हिला विचारत नसत. मी तिला म्हटलं, सोड हा नाद, आपण यावलमध्ये काही बघू. ती म्हणाली, "दखसू, सिस्टर." घरात सगळ्यांना आबांचाच शब्द लागला होता.

आणि मग एका बुधवारी लसूणवाला आला नाही.

दहा वाजले, अकरा वाजले. टेम्पोचा आवाज नाही. मावशीही उतरली नाही. आबा ओट्यावरून मैदानाच्या टोकापर्यंत गेले, डोळ्यांवर हात धरून फाट्याकडे बघितलं, मग डोंगराकडे बघितलं. परत आले. परत गेले. सगळ्या मैदानात एकच माणूस बसलेलं होतं. मनीषा.

लसूणवाला मला नंतर यावलला भेटला, तेव्हा मी विचारलं. तो लाजत म्हणाला, "ताईनी सांगेल व्हतं, ह्या बुधवारले येऊ नका. मावशीले बी तिनीच निरोप धाडेल व्हता." मनीषाने त्याला कबूल केलं होतं की यापुढे त्याचा लसूण तीच घाऊक घेऊन विकेल, उरण्याची वाट बघायला नको. एवढं सगळं ती डोक्यावर पदर घेऊन, भाकरी थापता थापता करत होती, आणि मी शहाणी तिला यावलचा रस्ता दाखवत होते.

आबांपुढे आता सरळ प्रश्न होता. तिची फसकी घेतली तर बाजार भरला. नाही घेतली तर आज बाजार नाही, आणि बाजार नाही तर हे खेडं. गावातली माणसं पारावर, ओट्यांवर येऊन बसली होती. तमाशा बघायला हे गाव नेहमी वेळेवर. कोणी आबांना धीर देईना, कोणी मनीषाला देईना. मी उपकेंद्राला कुलूप लावून आले होते. मनीषाचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकलेले मला दिसत होते.

दुपार कलली. आबा ओट्यावरून उठले. रुमाल झटकला नाही. सरळ मैदानाच्या मधोमध गेले, सुनेसमोर उभे राहिले.  मग वाकले, साखरेच्या पोत्यात हात घातला, मूठ भरली, रुमालाच्या टोकाला बांधली, गाठ आवळली आणि मान हलवली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, उलट अंगाची आग झाली. तिचाच माल, तिचीच मेहनत, आणि त्याला या म्हाताऱ्याची मूठ लागावी! पण मनीषाने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला, तेव्हा मी गप्प बसले.

गाव काय, त्या मुठीचीच वाट बघत होतं. शेजारीण पहिली धावली. मग तिची जाऊ, मग सगळी गल्ली. स्कॅनरचा डबा पैसे आल्याचं ओरडून ओरडून सांगायला लागला. आबा मापाच्या दगडाजवळ उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "दखा, कसबाना बजार असा ऱ्हास." जणू त्यांनीच भरवला.

संध्याकाळी ते ओट्यावर येऊन टेकले. मी पायरीवर बसले होते. मनीषा रिकामी पोती आत ठेवून चुलीशी गेली होती. आबा सवयीने म्हणाले, "बाई, विचारा तिले. उरेल माल कितला शे? मी लई लेसू."

मी विचारलं नाही. आतून तिचाच आवाज आला, "काहीच नई उरनं."

आबांना ऐकू आलं नाही असं वाटलं, कारण ते परत म्हणाले, "विचारा ना, कितला उरना?"

मनीषा चहा घेऊन बाहेर आली. कप त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड कडू केलं. "बाई, सांगा तिले, साखर नई शे यामा."

ती आत गेली नाही. दारात उभी राहिली, आणि मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा सासऱ्याकडे बघून बोलली.

"साखर सगळी खपनी, आबा. उरनी ती तुमना रुमालमा शे."

आबांनी कप खाली ठेवला. रुमालाचं टोक मांडीवर घेतलं आणि गाठ सोडायला लागले. गाठ फार घट्ट बसली होती, नखाने सुटेना. मी शेजारीच होते. हात लावला नाही.